मंगळवारची अदलाबदल

आमचे सर कसे होते असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. हुशार होते म्हणावं तर खोटं नाही. विक्षिप्त होते म्हणावं तर तेही खोटं नाही. त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं आमच्या रक्तपेढीतल्या निम्म्या लोकांचं ठाम मत होतं, आणि त्या निम्म्यांत मी कधी असायचे, कधी नसायचे. त्यांच्या हाताखाली एवढी वर्षं काढली, आज त्यांच्याच खुर्चीवर बसून त्यांचंच काम करते, पण हा माणूस मला कळला असं काही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता हेच बघा. ह्या माणसाकडे प्रत्येक गोष्ट दोन. चष्मे दोन, छत्र्या दोन, चपलांचे जोड दोन, आणि सगळं आलटून पालटून वापरायचं. आज हा चष्मा, उद्या तो. डोंबिवलीत त्यांचे न्हावीसुद्धा दोन होते, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. एकदा मी न राहवून विचारलं, सर, न्हावी दोन कशाला? तर म्हणाले, एक गावाला गेला तर? मी म्हटलं, मग तेव्हा जा की दुसऱ्याकडे. त्यावर मान हलवून म्हणाले, तेव्हा गेलं तर त्याला आपलं डोकं नवीन असतं. आणि असल्या माणसाच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सख्ख्या धाकट्या भावाची किडनी तपासण्या होऊन जुळलेली, भाऊ द्यायला एका पायावर तयार, आणि सर ती घ्यायला नाही म्हणत होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की असं फार काळ रेटता येणार नाही. तरी नाही म्हणजे नाही. आता सांगा, कसा कळायचा असला माणूस?

जमेल तसं सांगते. आमची रक्तपेढी ठाण्यात, खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या बाजूला. कुठली पिशवी कुठल्या गटाची, कुठल्या फ्रिजमध्ये, तपासून झाली की नाही, कुठल्या पेशंटसाठी काढून ठेवली, हे सगळं कॉम्प्युटरवर. तो चालवणारा सर्व्हर बंद पडला की सगळं ठप्प, आणि खिडकीबाहेर पेशंटचे नातेवाईक उभे. म्हणून सर्व्हर दोन. एक काम करतो, दुसरा त्याच्याकडची माहिती क्षणाक्षणाला उतरवून घेत तयार बसतो. पहिला गेला की दुसऱ्याने उभं राहायचं. हे सगळीकडेच असतं. फक्त बाकी ठिकाणी तो दुसरा लग्नात आलेल्या डिनरसेटसारखा वर्षानुवर्षं नुसता ठेवलेला असतो.

सरांना हे मान्य नव्हतं. दर मंगळवारी सकाळी ते अदलाबदल करायचे. चांगला चाललेला सर्व्हर मुद्दाम थांबवायचा आणि थांबलेल्याला कामाला लावायचं. पुढच्या मंगळवारी उलट. त्या अदलाबदलीत जरा वेळ सगळ्यांच्या कॉम्प्युटरचे पडदे गोठायचे आणि बाहेरून काउंटरवरची टेक्निशियन बाई कळवळून ओरडायची, झालं का हो सर तुमचं? मंगळवार उजाडला की ती देव पाण्यात घालून बसायची. मी नवीन होते तेव्हा मलाही वाटायचं, अरे, धड चाललेलं कशाला बिघडवायचं? सर म्हणायचे, जो वापरला नाही तो तयार आहे हे तुला कोणी सांगितलं?

बरं, दोन्ही सर्व्हर दिसायला सारखे, काळे, एकावर एक ठेवलेले. यातला मेन कुठला, स्टँडबाय कुठला, असं विचारलं की म्हणायचे, जो चालू आहे तो मेन. आणि आज कुठला चालू आहे? तर म्हणे, बघ की. पाटी लावू द्यायचे नाहीत. पाटी लावली की माणसं एकाचीच धूळ पुसतात, हे त्यांचं म्हणणं. एकदा दुरुस्तीला बाहेरचा इंजिनियर आलेला. त्याने मेन कुठला विचारल्यावर सर, मी आणि काउंटरवरची बाई, आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. सर्व्हर दोन, उत्तरं तीन. तो बिचारा चहा पिऊन गेला.

शेवटी आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे रक्तपेढीचे प्रमुख, वैतागले आणि स्वतःच्या हाताने स्टिकर लावून गेले. वरच्यावर मेन, खालच्यावर स्टँडबाय. सरांनी स्टिकर काढले नाहीत. मंगळवारी नेहमीसारखी अदलाबदल करून मोकळे झाले. म्हणजे आता मेनचा स्टिकर वरच्याला आणि काम खालच्याला. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या यूपीएसच्या बॅटऱ्या उतरल्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला, एकच मशीन झेपेल, कुठलं जोडू? सर नव्हते, डायलिसिसला गेलेले. मी विचार करेपर्यंत त्याने स्टिकर वाचून वरचं जोडलंसुद्धा. त्याच दुपारी लाइट गेली. काम करत असलेला खालचा सर्व्हर गप्पकन बंद पडला, आणि नुसता बसलेला वरचा, ज्याला चुकून बॅटरी मिळालेली, तो उभा राहिला. काउंटरवर रक्ताची पिशवी देणं चालू होतं, ते तसंच चालू राहिलं. जनरेटर सुरू झाल्यावर डॉक्टर येऊन मला म्हणाले, बघितलंस ना, स्टिकरचा केवढा फायदा झाला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता मला एवढंच सांगा, हे कोणामुळे वाचलं? तुमच्यामुळे, डॉक्टरांमुळे, की त्या इलेक्ट्रिशियनच्या चुकीमुळे? सरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, मला पण नाही कळत. आणि खूश दिसले. का खूश, ते देव जाणे.

माझी नेमणूकसुद्धा खरं तर त्यांचा स्टँडबाय म्हणूनच झालेली. पण शिकवण्याची पद्धत अशी की कुणीही नोकरी सोडून पळावं. लागल्याला महिनाही झाला नव्हता. एका सकाळी ते आले, आपल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, आज मी नाही. मला वाटलं रजेवर निघालेत. पण हलले नाहीत. दिवसभर तिथेच, माझ्यापासून दोन हातांवर, भिंतीकडे बघत बसलेले. मी काही विचारलं की उत्तर नाही. प्रिंटर अडकला, लेबलं छापायची थांबली, मला रडू फुटायचं बाकी होतं. मोठे डॉक्टर तणतणत आत आले आणि सरांना म्हणाले, अहो, काय चाललंय? सर शांतपणे म्हणाले, "ते आज आलेले नाहीत. तिला विचारा." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी डॉक्टरांकडे बघितलं. मग दोघांनी मिळून प्रिंटर दुरुस्त केला. असे दिवस पुढे बरेच आले. कधी येतील याचा नेम नसायचा. मी मनातल्या मनात त्यांना काय काय शिव्या घातल्यात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंगळवार आणि शुक्रवार दुपारी ते डायलिसिसला जायचे. घेऊन जायला काकू, म्हणजे त्यांची बायको, डोंबिवलीहून यायच्या. डाव्या हाताच्या शिरेवर टम्म फुगवटा आलेला, तो झाकायला उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट. पाणी प्यायचं तेही मोजून. आमच्या गल्लीत चहाच्या टपऱ्या दोन, अर्थातच आलटून पालटून दोन्हीकडे जायचे, पण कटिंगमधलंही निम्मं मला ओतून द्यायचे. चेहरा दिवसेंदिवस काळवंडत चाललेला. मला भीती वाटायची. सोमवारी ते यायला उशीर झाला की मी दाराकडे बघत बसायचे.

मग एक दिवस काकूंचा फोन आला. भावाची किडनी जुळलीय, सगळं जमलंय, मंजुरीसाठी कमिटीपुढे जायचंय, आणि हे ऑपरेशनची तारीखच घेत नाहीत. तू सांगून बघ बाई, तुझं ऐकतात. मला त्या दुःखातही हसू आलं. हा माणूस त्या मोठ्या डॉक्टरांचं ऐकत नव्हता, माझं काय ऐकणार?

तरी मी विषय काढला. टपरीवर. म्हटलं, सर, तुम्ही चपलांचा जोडही जादा ठेवता, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे तर मागे का सरता? मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. ग्लास खाली ठेवला आणि भावाबद्दल बोलायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

वडील रेल्वेत गँगमन, घर खडवलीला. मुलगे दोन. वडिलांनी ठरवलं, थोरला शिकेल, धाकटा घरी राहील. थोरल्याचं काही बिनसलं तर हा आहेच. थोरल्याचं काही बिनसलं नाही. शिष्यवृत्ती मिळाली, होस्टेल मिळालं, नोकरी लागली. धाकटा राहिला घरीच. शाळा सुटली, गाय बघ, आईला दवाखान्यात ने, दादा येणारे तर स्टेशनवर जा. आता तो नदीकाठच्या एका फार्महाऊसची राखण करतो, जिथे मालक क्वचित कधीतरी येतात. वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा सर नागपूरला कामाला गेलेले. कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी धाकट्याला सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, सही कर. तो म्हणाला, दादाला विचारतो. फोन लागेना. तो तसाच फोन हातात धरून बाकावर बसून राहिला. फोन लागला संध्याकाळी. वडील दुसऱ्या दिवशी गेले. आधी केलं असतं तर वाचले असते असं डॉक्टरही म्हणाले नाहीत, पण सर सगळ्या नातेवाइकांसमोर भावावर ओरडले, तुला एक सही करता येत नाही?

"नंतर घरी येऊन विचार केला," सर म्हणाले. "त्याला आम्ही जन्मात काय ठरवू दिलं होतं? भाजी कुठली आणायची ते पण आई सांगायची. ठेवून दिला होता त्याला. आणि ऐन वेळी म्हटलं, हं, ऊठ."

मला तेव्हा कुठे मंगळवारचं थोडंफार उमगलं. पण मग गोंधळ जास्तच वाढला. मी म्हटलं, सर, पण तो स्वतःहून देतोय ना? त्यावर म्हणाले, "तो देणारच. दुसरं काही शिकवलंय का त्याला? माझं बंद पडलं म्हणून परत त्यालाच काढायचं बाहेर? नाही जमणार मला ते."

त्यांचं चुकतंय हे मला दिसत होतं, पण कुठे चुकतंय ते सांगता येईना. मला संताप आला. स्वतःला शिक्षा करायचीय तर करा, पण काकूंचं काय? असं मी बोलूनही गेले. सरांनी त्या दिवशी चहा अर्धा तसाच टाकला आणि आम्ही परत आलो.

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. पायांवर सूज, दम लागायला लागला, जिना चढताना मध्येच थांबायचे. मंगळवारची अदलाबदल मात्र चुकली नाही. मी करते म्हटलं तर म्हणायचे, मी आज आहे.

अशाच एका मंगळवारी काकूंना ताप होता म्हणून न्यायला धाकटा भाऊ सकाळीच आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. सरांचाच चेहरा, फक्त उन्हाने रापलेला. हातात पिशवी, पिशवीत भावजयीसाठी वालाच्या शेंगा. दाराबाहेर चपला काढून आत आला, मला म्हणाला, जय भीम ताई, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसला. सर म्हणाले, थांब, एवढं करून निघू. आणि आमच्याकडे पाठ करून कामाला लागले.

भाऊ बघत होता. थोड्या वेळाने बाहेरून काउंटरवरच्या बाईची नेहमीची हाक आली, झालं का हो सर तुमचं? त्याने मला हळूच विचारलं, दादा काय करतोय? मी सांगितलं, ही दोन मशीनं आहेत, एक बंद पडलं तर दुसरं चाललं पाहिजे, म्हणून सर दर आठवड्याला दोघांना बदलून बदलून काम देतात. नुसतं ठेवून दिलं तर ऐन वेळी ते उठत नाही. त्याने विचारलं, चांगलं चाललेलं असलं तरी? म्हटलं, तरी. आज ह्याचा नंबर, पुढच्या खेपेला त्याचा. तो बराच वेळ त्या दोन काळ्या डब्यांकडे बघत राहिला.

मग सरांच्या पाठीकडे बघून म्हणाला, "दादा, मग माझा नंबर कधी लागायचा?"

सरांचे हात थांबले. वळले नाहीत. म्हणाले, तुझं वेगळं आहे.

"काय वेगळं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही सगळ्यांनी मला बसवून ठेवलं. बसलो. आता एक काम आलंय जे फक्त मलाच जमतंय, तर ते पण नको म्हणतोस. का रे? मी नाय म्हणालो तर गोष्ट वेगळी. मला कोणी विचारलं का, तुला काय वाटतं?"

सरांनी कीबोर्ड जवळ ओढला. भाऊ पुढे म्हणाला, "बाबांच्या येळेला सही नाय झाली माझ्याकडून. आता काल हॉस्पिटलात जाऊन करून आलोय. वहिनीला पण नाय विचारलं. तुझी तेवढी राह्यलीय."

सरांनी पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. तो पासवर्ड ते झोपेतही टाकू शकले असते. बाहेर पडदे गोठलेले, काउंटरवरची बाई आता खरंच चिडलेली. मला काय करावं कळेना. शेवटी मी उठून कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि म्हटलं, सर, आज तुम्ही नाही. उठा, जा ह्यांच्याबरोबर. मी पासवर्ड टाकला आणि अदलाबदल झाली. बाहेर काम सुरू झाल्याचा आवाज आला.

सर उठले. चपला घालताना त्यांना वाकता येईना, तर भावाने खाली बसून पायात सरकवल्या. सरांनी घालू दिल्या. जाताना माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. रागावले की काय, मला शुक्रवारपर्यंत कळलं नाही. शुक्रवारी काकूंचा फोन आला, तारीख घेतलीय. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

कमिटी, कागदपत्रं, पुन्हा तपासण्या, यात दिवस गेले. मग ऑपरेशन झालं. दोघंही नीट बाहेर आले. सर बरेच महिने रजेवर होते आणि मी दर मंगळवारी अदलाबदल करत राहिले. पहिल्या मंगळवारी मोठे डॉक्टर मला म्हणाले, आता ते नाहीत तर कशाला करतेस? मी म्हटलं, मला पण नीट माहीत नाही. सर कामावर परतले ते थोड्याच दिवसांसाठी, मग निवृत्त झाले. आणि ते रजेवर असताना मी त्यांना भेटायला डोंबिवलीला गेले होते, तेवढं सांगते.

दार धाकट्या भावाने उघडलं. मास्क लावा ताई, हात धुवा, नाही, तो साबण नको, हा घ्या. मला सरांपासून लांबच्या खुर्चीत बसवलं. तपासण्यांसाठी म्हणून तो अजून इथेच राहत होता, आणि घराचा ताबा त्याने घेतला होता. काकूंना सांगत होता, वहिनी, मीठ कमी झालं नाय पाहिजे आणि जास्त पण. सरांना सांगत होता, दादा, एवढं पाणी संपव, आता पाणी प्यायचं, आता काय मोजायचं नाय. आणि बोलत होता. हॉस्पिटलातल्या नर्सबद्दल, फार्महाऊसच्या कुत्र्यांबद्दल, भातसा नदीला ह्यावर्षी पाणी किती आलं त्याबद्दल. लहानपणी दादा एकदा आंब्याच्या झाडावरून पडला, ते बाबांना कोणी सांगितलं नाही म्हणून बाबांना अजून, म्हणजे शेवटपर्यंत, माहीत नव्हतं, हे सांगताना तो एवढा हसला की टाक्यांवर हात दाबून धरावा लागला. मध्येच उठला, चहा ठेवतो म्हणाला, वहिनी तुम्ही बसा, आणि आत गेला. आतूनही बोलणं चालूच.

सर मास्कमागून ऐकत होते. चेहरा भरलेला, रंग उजळलेला. मी विचारलं, सर, बरं वाटतंय ना? ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे जरासे झुकून, आवाज खाली आणून म्हणाले, "माझी साठी होत आली गं. हा इतका बोलतो, हे मला माहीतच नव्हतं."